पऱ्हाटीची गुणसूत्रे आणि शेतकऱ्याचा हक्क

भारताच्या संसदेने २००१ साली पीक वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा कायदा संमत केला. या कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला स्पष्ट अधिकार दिला आहे : आपल्या शेतात पिकलेले बियाणे त्याने राखून ठेवावे, पुन्हा पेरावे, शेजाऱ्याला द्यावे, अदलाबदल करावी, इतकेच काय, छापील नाममुद्रा न लावता विकावेसुद्धा. पुष्कळ देशांतील शेतकऱ्यांना इतका मोकळा हक्क नाही. आपल्या कायदेमंडळाने केलेल्या चांगल्या कामांत या कलमाची गणना करावी लागेल.

आता बाळापूरला या. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला मागे टाकून कोणत्याही दिशेला गेले, तर काळ्या मातीत पऱ्हाटी उभी दिसेल. या शेतांतील किती कास्तकारांनी मागच्या हंगामातली सरकी राखून यंदा पेरली? शोधू गेल्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळतील. बाकी सारे मृगाच्या आधी कृषी केंद्राच्या दारात उभे राहून साडेचारशे-पावणेपाचशे ग्रॅमची पिशवी विकत घेतात. पुढच्या वर्षी पुन्हा घेतात, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. कायद्याने दिलेला हक्क कोणी हिरावून घेतलेला नाही. तो वापरताच येत नाही. याचे कारण कोणत्याही करारपत्रात लिहिलेले नाही. ते सरकीच्या दाण्यातील पेशीत आहे, आणि पेशीतही नेमके सांगायचे तर गुणसूत्रांत.

कापसाच्या प्रश्नावर आपल्याकडे लिहिले-बोलले पुष्कळ जाते. हमीभाव, आयात शुल्क, कर्जमाफी, आत्महत्या हे सारे विषय गंभीरच आहेत. परंतु बियाण्याच्या आत काय घडते याची चर्चा झाली, तर ती तज्ज्ञांच्या परिभाषेत होते आणि तिथेच राहते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. विज्ञान शिकवण्याचा त्याचा अधिकार नाही. पण ज्या गोष्टीवर वऱ्हाडातील घरांचा संसार उभा आहे ती समजून घेण्यास पदवीची अट नसावी. म्हणून वाचकांनी थोडा वेळ पेशीच्या आत यावे.

इंग्रजीत ज्याला ‘क्रोमोसोम’ म्हणतात ते नाव जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी १८८८ साली दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘रंगीत शरीर’ एवढाच. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या पेशीवर रंग टाकला की या काड्या तो चटकन धरतात, म्हणून हे नाव. मराठीत रूढ झालेला ‘गुणसूत्र’ हा शब्द त्याहून कितीतरी अर्थपूर्ण आहे. गुण वाहून नेणारे सूत्र. आणि ते खरोखरीच सूत आहे. डीएनए नावाच्या रेणूचा हा एक अतिशय लांब, अतिशय बारीक धागा असतो. माणसाच्या एका पेशीतील सारे धागे उलगडून सांधले, तर लांबी सुमारे दोन मीटर भरेल; आणि तो माल ज्या केंद्रकात बसवायचा त्याचा व्यास मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा. हे साधते ते गुंडाळण्यामुळे. आठ प्रथिनांच्या रिळासारख्या गोळीभोवती धाग्याचे पावणेदोन वेढ्यांच्या आसपास वेढे पडतात, मग पुढची गोळी, मग पुढची. गोळ्यांची माळ पुन्हा पिळली जाते, तिच्या वळ्या पडतात. चरख्यावर सूत काढून त्याची गुंडी करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते पुढे. जो गुण त्या क्षणी हवा असेल तेवढ्याच जागेचा पीळ पेशी सैल करते, तेथील मजकूर वाचते आणि बाकीचा गुंडाळलेलाच ठेवते. मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत धागे तेच. कोठला भाग उघडा आणि कोठला बंद, एवढाच फरक. या धाग्यावर ठरावीक जागी बसलेला एकेका गुणाचा मजकूर म्हणजे जनुक. धाग्याच्या दोन्ही टोकांना तो उसवू नये म्हणून बांधणी असते आणि मध्ये कोठेतरी एक आवळलेली कंबर. पेशी दुभंगताना धागा ओढून नेण्यासाठी दोर अडकवले जातात ते या कंबरेला.

प्रत्येक सजीवात गुणसूत्रांची संख्या ठरलेली असते. माणसात ४६, म्हणजे २३ जोड्या. हा साधा आकडासुद्धा १९५६ सालापर्यंत ४८ असा चुकीचा शिकवला जात होता. ज्वारीत २०, तुरीत २२, हरभऱ्यात १६, सोयाबीनमध्ये ४०. बटाट्यात ४८ आहेत, म्हणून बटाटा माणसाहून श्रेष्ठ ठरत नाही. केरळातील अब्राहम आणि निनन या दोन संशोधकांनी १९५४ साली एका नेच्यात १२६० गुणसूत्रे मोजून जगाला चकित केले होते. उलट आमच्या नरनाळ्याच्या आणि मेळघाटाच्या रानात बुजरेपणाने वावरणारे भेकर घ्या. मादीत फक्त ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या दुसऱ्या कोणाचीही नोंदलेली नाही. चीनमधील त्याच्याच चुलतभावात मात्र ४६ आहेत. लहान लहान सूत्रे एकमेकांना टोकाशी चिकटत जाऊन भेकराची थोडी पण लांबलचक सूत्रे बनली. मजकूर जवळपास तोच, बांधणी निराळी. तेव्हा संख्या हे प्रतिष्ठेचे माप नव्हे. ती कुळाची खूण आहे, आणि ही खूण कपाशीच्या बाबतीत फार बोलकी ठरली.

त्याआधी गुणसूत्रांची वागणूक सांगायला हवी, कारण सगळा व्यवहार तिच्यावर चालतो. रोप वाढते तेव्हा पेशी दुभंगतात. दुभंगण्यापूर्वी प्रत्येक सूत्राची हुबेहूब प्रत निघते आणि दोन्ही पेशींना पूर्ण संच मिळतो. महाविद्यालयात जीवशास्त्र घेतलेल्यांनी कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून हे पाहिले असेल. पण परागकण आणि बीजांड तयार होताना प्रकार वेगळा असतो. तेथे बापाकडून आलेले सूत्र आणि आईकडून आलेले सूत्र जोडीने शेजारी येतात, आपसांत तुकड्यांची देवघेव करतात आणि मग वेगळे होतात. प्रत्येक परागकणाला जोडीतले एकच सूत्र मिळते. बापाकडचे की आईकडचे, ते नाणेफेकीने ठरल्यासारखे ठरते. म्हणून परागकणात संच निम्मा, आणि दोन निम्मे एकत्र आले की पुन्हा पूर्ण. ही नाणेफेक आणि ही जोडी जुळणे, या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

आपल्या पूर्वापार देशी कपाशीत २६ गुणसूत्रे असतात, १३ जोड्या. ज्या अमेरिकन कपाशीने आज वऱ्हाडची शेते व्यापली आहेत तिच्यात ५२, नेमकी दुप्पट. ही दुप्पट कोठून आली? १९३० च्या दशकात स्कोव्हस्टेड या संशोधकाने दाखवून दिले की अमेरिकन कपाशीतील सूत्रांचे दोन गट पडतात. निम्मी आकाराने मोठी, निम्मी लहान. मोठी आशिया-आफ्रिकेतील कपाशीसारखी, लहान अमेरिकेतील रानटी कपाशीसारखी. १९४० साली बीस्ली याने प्रयोगशाळेत या दोन कुळांचा संकर करून आणि सूत्रे दुप्पट करून तशीच ५२ सूत्रांची कपाशी प्रत्यक्ष घडवली, तेव्हा शंका उरली नाही. पुढे संपूर्ण धाग्यावरचा मजकूर वाचण्याचे तंत्र आले. २०१२ साली अमेरिकी रानटी कपाशीचा, २०१४ साली आपल्या देशी कपाशीचा आणि २०१५ साली अमेरिकन कपाशीचा मजकूर वाचून झाला, आणि जुने अनुमान खरे ठरले. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी कधीतरी जुन्या जगातील एका कपाशीचे बीज अमेरिका खंडात पोहोचले, तेथील रानटी कपाशीशी त्याचा संयोग झाला आणि दोन्ही कुळांचे संपूर्ण संच एकाच झाडात नांदू लागले.

आमच्याकडील काही उत्साही मंडळी यावरून लगेच असा निष्कर्ष काढतील की अमेरिकन कपाशी मुळात आपलीच. हा मोह आवरावा. तो संयोग झाला तेव्हा शेती करणारा माणूसच पृथ्वीवर नव्हता. शिवाय जुन्या जगातील ते पूर्वज झाड म्हणजे आजची देशी कपाशी नव्हे. ते दोहोंचे सामाईक आणि आता नष्ट झालेले पूर्वज असावे, असे अलीकडचे संशोधन सांगते. आपल्याला अभिमान वाटावा असे खरे पुरावे पुरेसे आहेत. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेले कापडाचे अवशेष मिळाले. मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर यांनी ते तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९२९ साली निर्वाळा दिला की हा खरा कापूस असून तो देशी कपाशीच्या जातकुळीचा आहे. उगाच ओढून आणलेल्या मोठेपणापेक्षा माटुंग्याच्या त्या टेबलावरचे काम मला अधिक मोलाचे वाटते.

गंमत अशी की अमेरिकेतील त्या रानटी पूर्वजाच्या सरकीवर कातण्याजोगी रुईच नसते. तरीही अमेरिकन कपाशीच्या लांब, मऊ धाग्याचे बरेचसे श्रेय त्याच्याकडून आलेल्या लहान सूत्रांना जाते, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्याच्या अंगी गुण दिसत नाही त्याच्या सूत्रात तो दडलेला असू शकतो. वाण निवडताना वरवर पाहून एखादे झाड टाकून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

देशी कपाशी काटक. पावसाने ओढ दिली तरी तग धरते, मावा-तुडतुड्यांना सहजी बधत नाही. अमेरिकन कपाशीचे बोंड मोठे, धागा लांब, वेचणी सोपी. मग दोघांचा संकर का करू नये? केला तर होतो. पण त्या झाडात देशीकडून १३ आणि अमेरिकनकडून २६ अशी ३९ सूत्रे येतात. १३ जोड्या जुळतात आणि १३ सूत्रे एकटीच राहतात. वर सांगितलेली जोडी जुळण्याची क्रिया कोलमडते, परागकण निकामी होतात आणि झाड वांझ राहते. यावर १९३७ साली एक उपाय सापडला. कोल्चिसिन नावाचे द्रव्य पेशीतील ते ओढणारे दोर बनूच देत नाही. सूत्रांच्या प्रती निघतात, पण पेशी दुभंगत नाही, आणि सूत्रे दुप्पट होतात. एकट्या सूत्राला जोडीदार मिळतो. हे द्रव्य आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदातही असते, ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट. या मार्गाने सुरतेच्या केंद्राने आशियाई आणि अमेरिकन कपाशीचे गुण एकत्र करून देवीराज नावाचा वाण काढला होता. काम किचकट, चिकाटीचे आणि वर्षानुवर्षांचे. कोणाही खासगी कंपनीला त्यात लवकर नफा दिसण्याचे कारण नाही, म्हणून ते सरकारी संस्थांनीच करायचे असते.

वऱ्हाडात बियाण्याचा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सारी दृष्टी आमच्याकडे वळली. १८७० साली खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला तो कापसासाठीच. इंग्रज अधिकाऱ्यांना बारीक धाग्याची बनी हवी होती. शेतकरी मात्र भरघोस उतरणाऱ्या जाड्या कपाशीकडे वळत होता. कारण गिरणीला धागा दिसतो आणि शेतकऱ्याला वजन. हा झगडा पुढेही चालू राहिला. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील कपाशीखालील सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी वाणांचे होते. आज ते इतके आक्रसले आहे की बाजार समितीत देशीचा ढीग दिसला तर तरुण मंडळी थांबून पाहतात.

या पालटात १९७० हे वर्ष महत्त्वाचे. सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ ही जगातील पहिली व्यापारी संकरित कपाशी शेतकऱ्यांपुढे ठेवली. दोन वेगळे अमेरिकन वाण घेऊन एकाच्या फुलातील पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्याचे पराग हाताने लावायचे, आणि त्यातून मिळालेली सरकी विकायची. पहिल्या पिढीत झाड जोमदार येते. भारतीय शास्त्रज्ञाची ही खरीखुरी कामगिरी आहे आणि तिला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ दिले आणि कोरडवाहू वऱ्हाडात ते चांगले चालले.

पण संकराचे एक अंग आहे. त्याच्या २६ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीत एक सूत्र एका वाणाचे आणि एक दुसऱ्याचे असते. त्याची सरकी राखून पेरली की प्रत्येक जोडीची नाणेफेक होणार. २६ नाण्यांची फेक म्हणजे ६ कोटी ७१ लाखांहून अधिक वेगवेगळे संच, आणि यात तुकड्यांची देवघेव धरलेलीच नाही. म्हणून दुसऱ्या पिढीच्या शेतात एक झाड कमरेएवढे, दुसरे गुडघ्याएवढे. एक लवकर फुटणारे, एक दिवाळीनंतर पाते धरणारे. सरळ वाणाचे तसे नसते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागाने फळत आल्यामुळे जोडीतली दोन्ही सूत्रे जवळपास सारखी असतात. नाणे कसेही पडले तरी दोन्ही बाजूंना छाप. मधमाश्यांमुळे थोडी भेसळ होते. ती काळजी घेऊन आवरता येते. म्हणून आजोबांची सरकी नातवाने पेरली तरी पीक तेच येत असे. कंपनीला शेतकऱ्याकडून पुन्हा न पेरण्याची लेखी हमी घेण्याची गरज नाही. ते काम गुणसूत्रेच करून देतात.

२००२ साली बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे विषद्रव्य तयार करणारे जनुक कपाशीच्या एका सूत्रावर बसवले गेले. हिरव्या बोंडअळीचा त्यावेळचा कहर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या कपाशीचे स्वागत का झाले ते सांगावे लागणार नाही. फवारण्या कमी झाल्या, देशाचे उत्पादन वाढले. विरोधकांनीही हे मान्य करावे. प्रश्न निराळा आहे. अमेरिकेत हे जनुक सरळ वाणांत आले, म्हणजे जोडीतील दोन्ही सूत्रांवर. आपल्याकडे मात्र ते जवळपास सर्वस्वी संकरांत आले, आणि बहुधा एकाच पालकाकडून. परिणामी शेतातल्या झाडात ते जोडीतील एकाच सूत्रावर असते. आता बोंडाच्या आत पाहा. झाड जुन्या पिढीचे असले तरी बोंडातील सरकी पुढच्या पिढीची असते. तिच्यात नाणेफेक झालेली असते. एका जनुकापुरते पाहिले, तर चारातील एका दाण्यात ते जनुक येतच नाही. गुलाबी बोंडअळी पानांवर जगत नाही. ती बोंडात शिरून सरकीच खाते. तिला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाण्यांची मिसळ मिळते. कमी-अधिक मात्रेच्या अशा खुराकातून तग धरणाऱ्या अळ्यांची निपज वाढते, हा इशारा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दिला होता.

घडलेही तसेच. २०१० साली गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या बीटी जनुकाला जुमानत नसल्याचे जाहीर झाले. दोन जनुकांच्या कपाशीवरही तिने काही वर्षांतच मात केली. २०१७ साली विदर्भात उभी बोंडे किडली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन्ही घटना एकाच वर्षी घडाव्यात यात योगायोग किती आणि अगतिक होऊन मारलेल्या फवाऱ्यांचा वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हीच अळी अमेरिकेतही होती. तेथे २०१८ साली कापूस पट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे सरकारने जाहीर केले. दोन्ही सूत्रांवर जनुक असलेली बीटी कपाशी हे त्यामागचे एक साधन. दुसरे फार विलक्षण. कारखान्यात लक्षावधी पतंग वाढवायचे, किरणोत्साराने त्यांची गुणसूत्रे मोडायची आणि विमानातून शेतांवर सोडायचे. हे पतंग रानातल्या पतंगांशी जुगतात, पण मोडक्या सूत्रांतून वंश चालत नाही. आमच्या दोन-चार एकरांच्या तुकड्यांत असा कार्यक्रम जसाच्या तसा राबवता येणार नाही. तरी किडीशी लढाई कोठे लढायची असते, याची कल्पना त्यावरून यावी.

कोणी विचारील, मग आपल्या संस्थांनी सरळ वाणांत बीटी आणले का नाही? आणले होते. २००९ साली ‘बिकानेरी नरमा’ या वाणाची बीटी आवृत्ती संपूर्ण भारतीय म्हणून गाजावाजा करून बाजारात आली, आणि लवकरच तिची विक्री थांबवावी लागली. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली सांगितले, की तिच्यात परदेशी कंपनीचेच जनुक आढळते. स्वदेशीचा शिक्का मारल्याने वस्तू स्वदेशी होत नाही. गुणसूत्र तपासले की ते खरे सांगून टाकते. त्या प्रकरणाने झालेले खरे नुकसान म्हणजे पुढची काही वर्षे सरळ बीटी वाणांचा विषयच मागे पडला. नंतर नागपूरच्या संस्थेने नेटाने काम करून असे अनेक वाण दिले. त्यांत आपल्या अकोल्याच्या ‘रजत’ आणि ‘०८१’ यांवर बेतलेलेही आहेत. त्यांत पहिले जुने जनुक असल्याने गुलाबी अळीला त्याचा धाक नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांचा फायदा दुसरीकडे आहे. सरकी घरची असल्याने दाट पेरता येते. झाड आटोपशीर राहते. पीक लवकर हाती येते आणि थंडीत गुलाबी अळी जोर धरण्याआधी शेत मोकळे होते. संकराच्या महाग पिशवीमुळे शेतकरी विरळ लावतो, विरळ लावल्यामुळे झाडे मोठी वाढवतो, वाढवल्यामुळे पीक लांबते आणि पुढे फरदडीच्या मोहाने फेब्रुवारीपर्यंत अळीचे अन्नछत्र चालू राहते. बियाण्याची किंमत आणि अळीची भूक यांचा संबंध असा जोडलेला आहे.

देशी कपाशीविषयीही भाबडेपणा नको. तिचे बोंड लहान, वेचायला मजूर जास्त, आखूड धाग्याला भाव कमी. तथापि परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण सिद्ध करून दाखवले आहेत. ‘पीए-२५५’ हे त्यांतले एक नाव. अकोल्याच्या ‘एकेए-७’, ‘एकेए-८४०१’ या वाणांची नावे वयस्क शेतकऱ्यांना अजून आठवतात. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिकाला देण्याजोगे नाही आणि जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तेथे पाण्याच्या भरवशावर वाढणाऱ्या संकराने काय साधणार? नानाजी देशमुखांच्या नावाच्या कृषी संजीवनी प्रकल्पात याच पट्ट्यातली ९३२ गावे घेतली होती. शेततळी, अवजारे यांच्याबरोबर बियाण्याचा विचार तेवढ्याच जोराने झाला असता, तर बरे झाले असते.

जून २०१९ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशकाला दाद न देणारी, परवानगी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरली. कायदा मोडण्याचा तो मार्ग मला पटलेला नाही, आणि चोरट्या वाटेने येणाऱ्या बियाण्याच्या पिशवीत काय आहे याची हमी कोणीच देत नाही. पण निंदणीच्या मजुरीने कंबर मोडलेल्या माणसाला नुसती कायद्याची कलमे ऐकवणे हेही काही उत्तर नव्हे. त्याला तंत्रज्ञान हवे आहे. ते त्याच्या हातात राहील अशा रूपात त्याला कोणी दिले नाही, ही खरी अडचण आहे.

अकोल्यात कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. राज्याच्या बियाणे महामंडळाचे मुख्यालयही अकोल्यातच. नागपूरची केंद्रीय संस्था एका रात्रीच्या अंतरावर. देशात एखाद्या पिकाच्या बियाण्याचा प्रश्न सुटण्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. म्हणून मागण्याही साध्या कराव्यात. सरळ वाणांचे खात्रीचे बियाणे महामंडळाने पुरेशा प्रमाणात तयार करावे. आज ते मागायला गेलेल्या शेतकऱ्याला बहुधा दुकानदार संकराचीच पिशवी काढून देतो, कारण त्यात त्याचे अडत अधिक. प्रत्येक पिशवीवर ठळक मराठीत छापावे : वाण सरळ की संकरित, सरकी राखून पेरता येईल की नाही, बीटी जनुक दोन्ही पालकांकडून की एकाकडून, आणि पीक किती दिवसांचे. औषधाच्या बाटलीवर घटक लिहिण्याचा आग्रह धरणारे राज्य बियाण्याच्या बाबतीत मौन का धरते, हे मला कळलेले नाही. देशी आणि अमेरिकन कपाशीच्या संकरावरील जुने संशोधन शीतगृहात पडून असेल, तर त्यासाठी स्वतंत्र निधी द्यावा आणि निकालासाठी पंधरा वर्षे थांबण्याची तयारी ठेवावी.

आणि एक मागणी शाळांकडे. वर्गात गुणसूत्रे शिकवतात ती वाटाण्यावरून. मेंडेलने वाटाणाच घेतला होता, ते योग्यच. पण बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, तेल्हारा येथील मुलांच्या घरामागे पऱ्हाटी उभी आहे. एखाद्या शिक्षकाने शाळेच्या आवारात दोन ओळी लावाव्यात; एक सरळ वाणाची आणि एक गेल्या वर्षीच्या संकराच्या राखलेल्या सरकीची. ऑगस्ट संपेपर्यंत दोन ओळींतला फरक मुले स्वतः मोजतील, आणि पुढच्या वैशाखात कृषी केंद्रात बापाबरोबर गेलेला मुलगा दुकानदाराला पहिला प्रश्न विचारील, की या पिशवीतली सरकी राखता येते काय.